सोनं, उजेड आणि कॅन्सर: सव्वाशे वर्षांची गोष्ट

आजची गोष्ट सुरू करायच्या आधी एक छोटंसं काम करा. फोनचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. बोट लालभडक दिसतंय ना? टॉर्च तर पांढरा आहे. पण रक्त निळा आणि हिरवा उजेड गिळून टाकतं, लाल तेवढा बाहेर येऊ देतं. आता तोच टॉर्च तळहाताखाली धरून बघा, मग मनगटाखाली. लाल उजेडही किती लवकर दमतो ते कळेल.

हे लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीतली सगळी अडचण याच्यातच आहे.

विषय आहे कॅन्सरवरचा एक उपचार. शरीरात असं काहीतरी सोडायचं की जे एरवी गप्प पडून राहील आणि उजेड पडला की तेवढ्याच जागेवर काम करेल. आज हे काम सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांकडून करून घेतात, त्यांना नॅनोकण म्हणतात. तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी फॉरवर्ड आलेलंच असेल, ‘सोन्याच्या कणांनी कॅन्सर गायब!’ म्हणून. ते फॉरवर्ड सपशेल खोटं नसतं, हीच पंचाईत आहे. त्यात मधली शंभर-सव्वाशे वर्षं गाळलेली असतात. ती आज भरून काढू.

तर चला म्युनिकला. साल साधारण १८९७-९८. हेरमान फोन टापाइनर हे तिथले औषधशास्त्राचे प्राध्यापक आणि ऑस्कर राब हा त्यांच्या हाताखालचा विद्यार्थी. राबला काम दिलं होतं कंटाळवाणं. पॅरामेशियम आठवतं का, शाळेच्या पुस्तकातलं, चपलेच्या आकाराचं, एकाच पेशीचं? त्या पॅरामेशियमच्या पाण्यात अ‍ॅक्रिडिन नावाचं रसायन घालायचं आणि ते किती वेळात मरतात ते मोजायचं. हिवतापाचा जंतूही एकपेशीयच, त्यामुळे अशा प्रयोगांना तेव्हा महत्त्व होतं.

राबचे आकडे जुळेनात. तेच रसायन, तेवढंच प्रमाण, आणि तरी एके दिवशी पॅरामेशियम झटपट मरायचे, दुसऱ्या दिवशी खुशाल पोहत राहायचे. एखाद्याने हातचलाखी करून सरासरी काढली असती आणि विषय संपवला असता. राबने तसं केलं नाही. असं सांगतात की ज्या दिवशी ते जास्त जगले त्या दिवशी बाहेर वादळ होतं, आभाळ काळं झालेलं होतं. म्हणजे फरक रसायनात नव्हता, खिडकीतून येणाऱ्या उजेडात होता. अंधारात अ‍ॅक्रिडिन जवळपास निरुपद्रवी. नुसता उजेडही निरुपद्रवी. दोघं एकत्र आले की मरण. १९०० साली राबने हे छापलं.

टापाइनर यांनी यातला पुढचा धागा पकडला. त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की या मारामारीत तिसराही एकजण लागतो, तो म्हणजे ऑक्सिजन. रंगद्रव्य उजेड शोषतं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं. तो ऑक्सिजन असा खवळतो की समोर येईल त्याला जाळत सुटतो, पण त्याचं आयुष्य इतकं क्षणिक असतं की पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही तो पोचत नाही. म्हणजे जिथे उजेड, तिथेच नुकसान. या क्रियेला टापाइनर यांनी ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव दिलं, आणि ते आजही चालतं. १९०३ साली त्यांनी येझिओनेक या त्वचारोगतज्ज्ञाबरोबर कातडीच्या कॅन्सरवर इओसिन हा रंग लावून त्यावर प्रकाश टाकून पाहिला. इओसिन म्हणजे तोच रंग, जो आजही पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्टीवरच्या पेशी गुलाबी करायला वापरतात.

योगायोग असा, की त्याच १९०३ साली कोपनहेगनच्या निल्स फिन्सन यांना प्रकाशोपचारासाठीच नोबेल मिळालं. त्यांचा उपचार होता कातडीच्या क्षयावर, आणि त्यात रंगबिंग काही नव्हतं, नुसता केंद्रित केलेला प्रखर प्रकाश. म्हणजे प्रकाश हे औषध आहे, यावर तेव्हा युरोपात कुणाला शंका नव्हती. आपल्याकडेही कोडाच्या डागावर बावचीचं बी वाटून लावायचं आणि उन्हात बसायचं, हा जुना उपाय आहेच. पण बावचीची गोष्ट स्वतंत्र आहे, ती आज मध्ये आणत नाही.

मग एवढी चांगली सुरुवात होऊन हा उपचार पुढची साठ-सत्तर वर्षं होता कुठे?

एक कारण म्हणजे एक्स-रे आणि रेडियम. ते शरीरात खोलवर जायचे, त्यामुळे डॉक्टरांचं सगळं लक्ष तिकडे. दुसरं कारण, औषध शोधणं सोपं नव्हतं. १९१२ साली फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने रक्तापासून बनवलेलं हेमॅटोपॉर्फिरिन हे द्रव्य स्वतःलाच टोचून घेतलं, २०० मिलिग्रॅम. अंधारात काही झालं नाही. उन्हात गेला आणि चेहरा, हात असे सुजले की त्याचे फोटो आजही वैद्यकाच्या पुस्तकांत छापले जातात. दोनेक महिने त्याला ऊन सोसवेना. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. हे द्रव्य माणसाच्या अंगात टिकतं आणि उजेडाची वाट बघतं. पुढे १९२४ मध्ये फ्रान्समध्ये ल्योंच्या पोलिकार यांना दिसलं की प्राण्यांच्या काही गाठी विशिष्ट दिव्याखाली लाल चमकतात, कारण त्यांच्यात असलीच पॉर्फिरिन साठलेली असतात. म्हणजे औषध गाठीत जमतंही. दोन्ही टोकं हातात होती, पण गाठ मारायला पन्नास वर्षं लागली.

ती गाठ मारली थॉमस डॉहर्टी यांनी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बफलो नावाचं शहर आहे, तिथे रॉसवेल पार्क ही कॅन्सर संस्था. डॉहर्टी मूळचे रसायनतज्ज्ञ, आधी ड्यूपाँ कंपनीत होते, डॉक्टर नव्हेत. पेशी जिवंत आहेत की मेल्या हे तपासायला ते एक चमकणारा रंग वापरत होते, तर तो रंग प्यायलेल्या जिवंत पेशी उजेडात मरायला लागल्या. त्यांना वाटलं आपल्याला नवीनच काही सापडलं. ग्रंथालयात गेल्यावर कळलं की राब नावाच्या पोराने सत्तर वर्षांपूर्वीच हे करून ठेवलंय. मला या माणसाचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की तो हिरमुसला नाही. हेमॅटोपॉर्फिरिनचं सुधारलेलं रूप घेतलं, लाल दिवा घेतला आणि १९७५ मध्ये उंदरांच्या गाठी बऱ्या करून दाखवल्या. १९७८ मध्ये माणसांवरचे निकाल आले. २५ रुग्ण, कातडीवरच्या आणि कातडीखालच्या मिळून ११३ गाठी, आणि त्यातल्या १११ गाठी पूर्णपणे किंवा काही प्रमाणात विरल्या.

हे औषध पुढे फोटोफ्रिन नावाने आलं. १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी, १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. अन्ननलिकाच का? कारण दुर्बिणीच्या नळीतून तिथे प्रकाशाचा तंतू नेता येतो. आणि एक मोठा त्रास राहिलाच. औषध कातडीतही उरतं, त्यामुळे रुग्णाने किमान महिनाभर ऊन टाळायचं. बफलोच्या बर्फात हे एक वेळ जमेल. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात सांगून बघा.

आता परत तुमच्या बोटाकडे या. फोटोफ्रिनला लागतो लाल प्रकाश, ६३० नॅनोमीटरचा. तो मांसात काही मिलिमीटरच आत जातो. कातडीवर ठीक, नळीच्या अस्तरावर ठीक, पण जाड गाठीच्या पोटात तो पोचतच नाही. राबपासून डॉहर्टीपर्यंत पेशी मारायची कशी हा प्रश्न केव्हाच सुटला होता. अडलं होतं ते पोचवण्यावर. औषध गाठीपर्यंत आणि उजेड औषधापर्यंत.

लालच्या थोडं पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये तोच असतो. रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका दिसेल. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या दरम्यान एक फट आहे. तिथे रक्तही फारसा प्रकाश गिळत नाही आणि पाणीही नाही. त्या फटीतून प्रकाश शरीरात तुलनेने आत शिरतो. पण शिरून उपयोग काय, तो झेलणारा कुणीतरी आत हवा ना? इथे सोनं येतं.

सोन्यासाठी आणखी मागे जावं लागेल, १८५७ च्या लंडनला. मायकेल फॅरेडे, तोच विजेचा फॅरेडे, सोन्याच्या क्षारापासून माणकासारखं लाल पाणी बनवत होता. त्याच्या लक्षात आलं की हे सोनंच आहे, फक्त इतकं बारीक की दिसत नाही, आणि त्या बारीकपणामुळेच रंग बदललाय. त्याच्या त्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्यात. हे का होतं? धातूच्या कणातले इलेक्ट्रॉन झोपाळ्यासारखे असतात. झोपाळ्याला त्याच्या तालावर धक्का दिला की तो उंच जातो, भलत्या तालावर दिला तर नुसता हिसका बसतो. सोन्याच्या साध्या गोल कणाचा ताल हिरव्या प्रकाशाशी जुळतो. तो हिरवा गिळतो, म्हणून पाणी लाल दिसतं. पण हिरवा तर आपलं रक्तही गिळतं, मग तो कण शरीरात काय कामाचा!

१९९८ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हॅलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ताल बदलला. त्यांनी सोन्याचा भरीव कण केलाच नाही. आत सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा गोळा आणि वर सोन्याचा पातळ थर. चांदीचा वर्ख लावलेला वेलदोडा डोळ्यासमोर आणा. आतला गोळा केवढा आणि वरचा वर्ख किती पातळ, यावर तो कण कोणता रंग गिळेल ते ठरतं. हवा तेवढा ताल लावून घ्यायचा! त्यांनी तो बरोबर त्या इन्फ्रारेडच्या फटीत बसवला. या कणांना नॅनोशेल म्हणतात. आकार साधारण दीडशे नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीत असे काहीशे शेजारी शेजारी मावतील.

एक लक्षात घ्या, इथे मारण्याची पद्धतही बदलली. फोटोफ्रिन ऑक्सिजनला खवळवायचं. सोन्याचा कण नुसता तापतो, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूचा भाग भाजून निघतो. म्हणून याला फोटोथर्मल म्हणतात. एक फायदा म्हणजे ऑक्सिजनवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि मोठ्या गाठींच्या पोटात ऑक्सिजनची टंचाईच असते.

हॅलस भौतिकशास्त्राच्या बाजूच्या. त्यांना जेनिफर वेस्ट या जैवअभियंता भेटल्या आणि २००३ मध्ये दोघींच्या गटाने उंदरांवरचा पहिला मोठा निकाल छापला. पुढच्या वर्षी आणखी एक प्रयोग. उंदरांच्या शिरेत कण सोडले, सहा तासांनी बाहेरून लेसर दिला, गाठी नाहीशा झाल्या आणि नव्वद दिवसांनंतरही परतल्या नाहीत. आता कळलं ना, फॉरवर्ड कुठून निघतात? तिकडे अटलांटात मुस्तफा एल-सय्यद हे मूळचे इजिप्तचे रसायनतज्ज्ञ गोल कणाऐवजी सोन्याच्या कांड्या बनवत होते. त्यांच्या पत्नीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता आणि त्यातच त्या गेल्या. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत डोकं आणि मानेच्या कॅन्सरचा सर्जन. बापलेकांनी मिळून या कांड्यांवर काम केलं. पुढे इजिप्तमध्ये आपोआप गाठी झालेल्या कुत्र्या-मांजरांवरही त्या वापरून पाहिल्या गेल्या.

उंदीर २००३-०४ मध्ये बरे झाले. माणसांवरचा नाव घेण्यासारखा निकाल आला २०१९ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत काय घडत होतं?

पहिली अडचण, कण गाठीत जातात का. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, फटी असलेल्या असतात. त्यामुळे मोठे रेणू तिथे पाझरतात आणि अडकून राहतात. नॅनोकणांच्या सगळ्या आशा या एका निरीक्षणावर उभ्या होत्या. पण २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले ११७ अभ्यास चाळले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात किती? मध्यक निघाला ०.७ टक्के. शंभर कणांतला एकसुद्धा धड नाही! बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. तेही खरं तर आपलं रखवालीचं कामच करत असतात. या आकड्यावर बरीच वादावादी झाली, कारण त्यात अनेकांच्या आयुष्याची मेहनत होती. मला तो आकडा निराशाजनक वाटत नाही, प्रामाणिक वाटतो. शिवाय गप्प बसणाऱ्या औषधाचा फायदा इथेच तर आहे. यकृतात गेलेल्या कणांवर लेसर पडणारच नाही, त्यामुळे ते तापणारही नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे माणूस उंदराएवढा नसतो. उंदराच्या कातडीखालची गाठ बाहेरून लेसरने गाठता येते. माणसाची गाठ हातभर आत असेल तर इन्फ्रारेडही कमी पडतो.

२०१९ चा अभ्यास झाला न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात, अर्देशिर रस्तिनेहाद यांच्या पुढाकाराने. आजार प्रोस्टेटचा कॅन्सर, रुग्ण १६. प्रोस्टेटच का निवडला, हे समजून घ्यायला हवं. ही ग्रंथी काढली तर कॅन्सर जातो, पण आजूबाजूच्या नसा दुखावतात. मग लघवीवर ताबा राहत नाही, लैंगिक संबंध अवघड होतात. साठीतला माणूस हे डॉक्टरांनाही सांगत नाही, घरी तर नाहीच. तेवढीच गाठ जाळायची आणि नसा वाचवायच्या, हे साधलं तर त्या माणसाची पुढची वीस वर्षं बदलतात. तर रुग्णांना आदल्या दिवशी शिरेतून नॅनोशेल दिले. दुसऱ्या दिवशी एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं एकमेकांवर बसवून लेसरचा बारीक तंतू थेट गाठीपाशी नेला. प्रकाश बाहेरून आत जात नाही ना, मग दिवाच आत न्या! १५ जणांवर उपचार पूर्ण झाला. वर्षभराने त्यातल्या १३ जणांच्या उपचार केलेल्या भागात कॅन्सर सापडला नाही, आणि लघवीच्या किंवा लैंगिक तक्रारी लक्षात येण्याइतक्या वाढल्या नाहीत.

आता यातलं बारीक अक्षर. रुग्ण सोळाच. तुलनेला दुसरा गट नव्हता. कॅन्सर कमी ते मध्यम धोक्याचा, एकाच ठिकाणी असलेला, आणि प्रोस्टेटचा असा कॅन्सर मुळात सावकाश वाढतो. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरला हा उपाय नाही, कारण जिथे तंतू नेता येत नाही तिथे कण तापवणार कसा? म्हणून ओळखीतल्या कुणी फॉरवर्ड बघून ‘ऑपरेशन पुढे ढकलू का, ते सोन्याचं येतंय म्हणे’ असं विचारलं, तर उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं द्या.

सोळा वर्षांत उंदरापासून सोळा माणसांपर्यंत. हा वेग कुणाला गोगलगायीचा वाटेल. पण कॅन्सरच्या पेशंटवर घाई करणं म्हणजे काय असतं, हे ज्यांच्या घरात पाहिलंय त्यांना तसं वाटणार नाही.

आणि आपल्याकडे? यकृतात अडकलेल्या सोन्याचं पुढे काय, हा प्रश्न मी मघाशी घाईत ओलांडला. त्यावर काम झालंय मुंबईत. पवईच्या आयआयटीतले रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधले, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातले अभिजित डे यांच्या गटांनी २०१५ मध्ये एक वेगळा कण मांडला. आत सिलिकाचा गोळा नाही, तर लायपोसोम, म्हणजे स्निग्ध पदार्थाची सूक्ष्म पिशवी, आणि तिच्यावर सोनं. इन्फ्रारेडमध्ये तापतो, काम करतो, आणि नंतर यकृतात त्याचे तुकडे होतात. ते तुकडे इतके लहान असतात की शरीर ते बाहेर टाकू शकतं. वर्ख लावायचा पण वेलदोडा विरघळणारा घ्यायचा, असं समजा. हेही उंदरांवरचंच काम. पण भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे, गुटखा-तंबाखूची कृपा. तोंड म्हणजे अशी जागा, जिथे दिवा न्यायला फार लांब जावं लागत नाही. जपानने २०२० मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठी कोबायाशी यांच्या संशोधनातून आलेल्या एका इन्फ्रारेड उपचाराला मान्यता दिली. त्यात सोनं नाही, प्रतिपिंडाला चिकटवलेला रंग आहे. म्हणजे फिरून राबच्याच घरी आलो, फक्त पत्ता लिहिलेलं पाकीट घेऊन.

एक प्रश्न नक्की येणार, म्हणून आधीच उत्तर देते. सुवर्णभस्म खाल्लं तर हेच होतं का? नाही. या कणाचं सगळं मोल सोन्यात नाही, मापात आहे. थराची जाडी बदलली की ताल चुकतो आणि कण इन्फ्रारेडला ओळख देत नाही. शिवाय भस्म पोटात जातं, गाठीत नव्हे, आणि तिथे लेसर कुणी लावत नाही.

बावचीचा विषय मघाशी बाजूला ठेवला होता. तिच्या बियांतलं सोरॅलेन, इजिप्तमधली तिची भावंडं आणि १९७४ साली त्यातून उभा राहिलेला सोरायसिसचा उपचार, हा पुढचा भाग. तोपर्यंत टॉर्च बंद करा, बॅटरी संपेल.